केसोन सिटी : एका उपनगरीय राजधानीची जडणघडण आणि जमिनीचा प्रश्न

प्रस्तावना

आशियातील महानगरांच्या इतिहासात उपनगरांचा विचार बहुधा मूळ शहराच्या अनुषंगाने केला जातो. मूळ शहर वाढले, त्याची जागा अपुरी पडली आणि लोकवस्ती सीमेबाहेर पसरली, असा या वाढीचा सर्वसाधारण क्रम मानला जातो. फिलिपिन्समधील केसोन सिटी हे शहर या क्रमाला अपवाद ठरते. मनिलाच्या ईशान्येस असलेले हे शहर इ. स. १९३९ मध्ये एका कायद्याने निर्माण करण्यात आले. इ. स. १९४८ ते १९७६ या काळात ते देशाची अधिकृत राजधानी होते. इ. स. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २९ लाख ६० हजार ४८ इतकी होती; त्याच गणनेत मनिला शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४६ हजार होती. ज्याच्या आधाराने उपनगर उभे राहिले त्या शहरालाच त्याने लोकसंख्येत मागे टाकले.

या शहराची निर्मिती श्रमिकांना हक्काचे घर मिळावे या घोषित उद्देशाने झाली होती. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस देशातील सर्वांत मोठ्या झोपडवस्त्यांपैकी काही याच शहरात होत्या. उद्देश आणि परिणाम यांत एवढे अंतर का पडले, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी शहराच्या वाढीबरोबरच येथील जमिनीच्या मालकीचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

पूर्वपीठिका : मठ, जहागिरी आणि कुळे

आज केसोन सिटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात स्पॅनिश राजवटीत एकही मोठे नगर नव्हते. इ. स. १५९० मध्ये फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंनी येथे सान फ्रान्सिस्को देल मोंते हे ठाणे स्थापन केले. मनिलाच्या गजबजाटापासून दूर, टेकड्यांच्या आश्रयाला असलेले एकांतस्थान असे त्याचे स्वरूप होते. उर्वरित प्रदेशात गवताळ माळ, भातखाचरे आणि विरळ वाड्या होत्या.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यांतील मोठा भूभाग तुआसोन या चिनी-मिश्र वंशाच्या धनिक व्यापारी घराण्याकडे आला. सांता मेसा आणि दिलिमान या त्यांच्या जहागिरी होत्या. ही मालमत्ता ज्येष्ठ वारसाकडे अखंड जावी अशी व्यवस्था स्पॅनिश कायद्यानुसार करण्यात आली. फिलिपिन्समध्ये बहुतेक मोठ्या जहागिरी धर्मसंघांच्या ताब्यात असताना एका खाजगी कुटुंबाची एवढी सलग मालकी ही लक्षणीय बाब होती. जमीन कसणारी कुळे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहत, पण त्यांच्या हाती कागद नव्हता.

शहराच्या एकांत टेकड्यांना राजकीय महत्त्वही प्राप्त झाले. ऑगस्ट १८९६ मध्ये कातिपुनान या गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या सदस्यांनी स्पॅनिश सत्तेच्या करपावत्या फाडून बंड पुकारले. ही घटना नेमकी कोठे व कोणत्या दिवशी घडली याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. बालिंतावाक आणि पुगाद लाविन ही दोन्ही नावे या संदर्भात घेतली जातात आणि दोन्हींचा संबंध याच परिसराशी आहे. मनिलाच्या तटबंदीतून सहज नजर ठेवता येणार नाही आणि तरीही एका दिवसात पायी गाठता येईल, असे हे अंतर होते. राजधानीच्या कडेला असणे हेच या प्रदेशाचे वैशिष्ट्य होते.

अमेरिकन राजवटीत इ. स. १९०२ च्या भूमी नोंदणी कायद्याने टॉरेन्स पद्धत लागू झाली. न्यायालयीन नोंदणीनंतर मिळालेला मालकीचा दाखला अंतिम व अबाधित मानणे हे या पद्धतीचे तत्त्व होते. इ. स. १९१४ मध्ये तुआसोन घराण्याला सांता मेसा व दिलिमान जहागिरींचा ७३५ क्रमांकाचा मूळ दाखला मिळाला. पुढील अनेक दशके या एका दाखल्याविरुद्ध असंख्य दावे दाखल झाले. आपले पूर्वज ही जमीन आधीपासून कसत होते, असे दावेदारांचे म्हणणे असे. सर्वोच्च न्यायालयाने हा दाखला वेळोवेळी वैध ठरवला. वहिवाट आणि कागद यांच्या संघर्षात कायदा कागदाच्या बाजूने उभा राहिला. शहर जन्माला येण्यापूर्वीच त्याच्या जमिनीचा प्रश्न असा निकाली निघालेला होता.

इ. स. १९०५ मध्ये डॅनियल बर्नहॅम यांनी मनिलासाठी नगररचनेचा आराखडा केला. मनिलातील जुन्या भागांतील गर्दी वाढू लागली तसे सुखवस्तू कुटुंबांचे लक्ष पूर्वेकडील उंच जमिनीकडे वळले. न्यू मनिला नावाची श्रीमंत वसाहत केसोन सिटीच्या स्थापनेपूर्वीच वसू लागली होती. म्हणजे या प्रदेशाचे उपनगरीकरण सुरू झाले ते खाजगी भूखंडविक्रीतून; शासनाची योजना नंतर आली.

स्थापना : सामाजिक न्यायाची घोषणा आणि तिच्या मर्यादा

इ. स. १९३५ मध्ये फिलिपिन्समध्ये कॉमनवेल्थ शासन स्थापन झाले आणि मानुएल केसोन राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी मे महिन्यात मनिलाच्या आसपासच्या प्रांतांत साकदाल चळवळीच्या शेतकऱ्यांनी उठाव केला होता. जमिनीची भूक आणि कुळांची दैन्यावस्था यांकडे दुर्लक्ष करणे नव्या शासनाला परवडणारे नव्हते. केसोन यांनी 'सामाजिक न्याय' हे आपल्या कारकिर्दीचे सूत्र म्हणून जाहीर केले. मनिलातील तोंदोसारख्या दाट वस्त्यांत राहणाऱ्या कामगारांसाठी मोकळ्या हवेतील घरे बांधणे हा या सूत्राचा एक भाग होता.

इ. स. १९३८ मध्ये पीपल्स होमसाइट कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था स्थापन करण्यात आली. तिच्यामार्फत तुआसोन घराण्याच्या दिलिमान जहागिरीपैकी सुमारे १,५२९ हेक्टर जमीन विकत घेण्यात आली. येथे एका बाबीची नोंद घेणे आवश्यक आहे. शासनाने जमीन संपादित केली ती जहागीरदाराकडून, बाजारातील व्यवहाराच्या मार्गाने. ती कसणाऱ्या कुळांचा या व्यवहारात पक्ष म्हणून विचार झाला नाही. शहरातील कामगाराला घर देण्याच्या योजनेत शेतातील कुळाला स्थान नव्हते.

१२ ऑक्टोबर १९३९ रोजी कॉमनवेल्थ कायदा क्रमांक ५०२ अन्वये नवे शहर अस्तित्वात आले. प्रारंभी 'बालिंतावाक सिटी' हे नाव सुचवण्यात आले होते. विधिमंडळातील सदस्यांच्या आग्रहाने राष्ट्राध्यक्षांचे नाव देण्यात आले. शहरासाठी कालोओकान, सान हुआन, मांदालुयोंग, मारिकिना, पासिग इत्यादी शेजारच्या नगरांचा भाग तोडून घेण्यात आला. केसोन यांनी काही आठवडे महापौरपदाची सूत्रे स्वतःकडे ठेवली आणि त्यानंतर तोमास मोरातो यांची नियुक्ती केली.

नव्या शहराच्या आराखड्यावर हॅरी फ्रॉस्ट, हुआन आरेयानो आणि ए. डी. विल्यम्स यांनी काम केले. इ. स. १९४१ मध्ये तयार झालेल्या या आराखड्यात चार रुंद मार्गांनी वेढलेला विशाल चौकोन, त्यात उद्यान व सार्वजनिक इमारती आणि एका टोकाला लंबवर्तुळाकार मार्ग अशी रचना होती. फिलिपिन्स विद्यापीठासाठी दिलिमान येथे सुमारे ४९३ हेक्टर जागा राखून ठेवण्यात आली. त्याच सुमारास कामुनिंग येथे कामगारांसाठी पहिला गृहप्रकल्प सुरू झाला.

योजनेतील विसंगती येथेच प्रकट झाली. घराची किंमत हप्त्याने फेडायची तर नियमित पगार हवा; मनिलाच्या गोदीत रोजंदारीवर काम करणाऱ्याकडे तो नव्हता. शिवाय कामाच्या ठिकाणापासून घर दूर गेल्याने रोजच्या प्रवासखर्चाचा बोजा वाढत होता. परिणामी घरे मोठ्या प्रमाणात सरकारी कर्मचारी व मध्यमवर्ग यांच्याकडे गेली. योजनेची भाषा कामगाराची आणि लाभार्थी मध्यमवर्गीय, हा प्रकार पुढेही अनेकदा घडला.

युद्ध, राजधानी आणि गृहप्रकल्प

जपानी आक्रमणाच्या वेळी, इ. स. १९४२ च्या प्रारंभी, मनिला, केसोन सिटी आणि भोवतालची काही नगरे यांचे 'बृहन्मनिला' हे एकत्रित प्रशासन करण्यात आले. युद्धोत्तर काळात ते संपुष्टात आले. इ. स. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमधील लढाईत मनिला उद्ध्वस्त झाली आणि सुमारे एक लाख नागरिक मृत्युमुखी पडले. मानुएल केसोन यांचे १ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकेत निधन झाले होते. आपल्या नावाच्या शहराची पुढील वाढ त्यांना पाहता आली नाही.

४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्स स्वतंत्र झाला. नव्या राजधानीच्या जागेसाठी नेमलेल्या समितीने अनेक पर्यायांचा विचार केला. १७ जुलै १९४८ रोजी प्रजासत्ताक कायदा क्रमांक ३३३ अन्वये केसोन सिटी ही राजधानी घोषित झाली. इ. स. १९४९ मध्ये नोव्हालिचेसचा भाग जोडून शहराचा विस्तार करण्यात आला आणि त्याच वर्षी नव्या संसद भवनाची कोनशिला बसवण्यात आली. मात्र हे भवन दीर्घकाळ अपूर्ण राहिले. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, संसद आणि सर्वोच्च न्यायालय ही तिन्ही मनिलातच राहिली. कायद्यातील राजधानी एक आणि व्यवहारातील राजधानी दुसरी, अशी ही स्थिती २८ वर्षे टिकली.

विद्यापीठाचे स्थलांतर मात्र प्रत्यक्षात आले. फेब्रुवारी १९४९ मध्ये शिल्पकार गियेर्मो तोलेंतिनो यांचा 'ऑब्लेशन' हा विद्यापीठाचे प्रतीक असलेला पुतळा मनिलातून दिलिमानला आणण्यात आला. अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या अर्धवर्तुळाकार पत्र्याच्या बराकींत सुरुवातीची अनेक वर्षे वर्ग भरले आणि प्राध्यापकांनी संसार थाटले.

इ. स. १९४७ मध्ये दोन गृहनिर्माण संस्थांच्या विलीनीकरणातून पीपल्स होमसाइट अँड हाउसिंग कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याने उभारलेल्या वसाहतींना 'प्रोजेक्ट' व पुढे क्रमांक अशी रूक्ष नावे मिळाली. प्रोजेक्ट ४, प्रोजेक्ट ६, प्रोजेक्ट ८ ही नावे आजही पत्त्यांत वापरली जातात. याच सुमारास खाजगी विमा कंपन्या व भूविकासक यांनीही वसाहती बांधल्या. फिलामलाइफ होम्स हे त्यांचे ठळक उदाहरण होय. मध्यमवर्गीय फिलिपिनो कुटुंबाच्या कल्पनेतील अंगणाचे स्वतंत्र घर याच काळात या शहरात रूढ झाले.

कुबाओ येथे आमादो आरानेता यांनी इ. स. १९५२ मध्ये सुमारे ३५ हेक्टर जमीन घेऊन व्यापारी केंद्र विकसित केले. तेथील आरानेता कोलिझियम इ. स. १९६० मध्ये खुले झाले. १ ऑक्टोबर १९७५ रोजी महंमद अली व जो फ्रेझर यांचा जगप्रसिद्ध मुष्टियुद्धाचा सामना येथेच झाला. जगाने तो मनिलाच्या नावाने लक्षात ठेवला. प्रत्यक्षात तो त्या वेळच्या कायदेशीर राजधानीत, केसोन सिटीत झाला होता. उपनगराची ओळख मुख्य शहराच्या नावात कशी विरून जाते याचे हे बोलके उदाहरण आहे.

लोकसंख्येचा विस्फोट आणि राजकीय केंद्र

इ. स. १९४८ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ८ हजार होती. इ. स. १९६० मध्ये ती सुमारे ३ लाख ९८ हजार, १९७० मध्ये सुमारे साडेसात लाख आणि १९८० मध्ये ११ लाख ६५ हजारांवर गेली. अवघ्या ३२ वर्षांत ती दहापटींहून अधिक वाढली. प्रांतांतील शेतीतून बाहेर फेकली गेलेली कुटुंबे मनिलाच्या परिसरात येत होती. मनिलात जागा नव्हती. केसोन सिटीत मात्र राजधानीसाठी राखून ठेवलेली शेकडो हेक्टर सरकारी जमीन मोकळी पडून होती. या कुटुंबांनी तेथे घरे बांधली. नकाशावर उद्याने व मंत्रालये दाखवलेल्या जागी लाकूड-पत्र्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या. अपूर्ण राजधानीनेच गरिबांना जागा दिली, असे म्हणावे लागते.

शहर राजकीयदृष्ट्याही जागृत होते. फेब्रुवारी १९७१ मध्ये इंधन दरवाढीच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी दिलिमान परिसर काही दिवस ताब्यात ठेवला. ही घटना 'दिलिमान कम्यून' म्हणून ओळखली जाते. सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फेर्दिनांद मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी एका हुकुमान्वये मेट्रो मनिला हे महानगर प्रशासन निर्माण करण्यात आले व इमेल्दा मार्कोस त्याच्या गव्हर्नर झाल्या. इ. स. १९७६ मध्ये राजधानीचा दर्जा पुन्हा मनिलाला देण्यात आला. विशेष म्हणजे त्यानंतर दोनच वर्षांत, इ. स. १९७८ मध्ये, केसोन सिटीत संसदेसाठी बातासांग पांबान्सा हे संकुल पूर्ण झाले. प्रतिनिधिगृहाचे कामकाज आजही तेथे चालते.

२२ ते २५ फेब्रुवारी १९८६ या चार दिवसांत एड्सा महामार्गावर लक्षावधी नागरिक उतरले आणि मार्कोस यांची सत्ता संपुष्टात आली. बंडखोर सैनिकांनी आश्रय घेतलेले कॅम्प आगिनाल्दो व कॅम्प क्रामे हे दोन्ही लष्करी तळ केसोन सिटीत समोरासमोर आहेत. उपनगरांना जोडण्यासाठी बांधलेला वर्तुळाकार रस्ता राष्ट्रीय इतिहासाचे स्थान बनला. अशा आंदोलनाला लागणारी रुंदी मनिलाच्या जुन्या रस्त्यांत नव्हती.

हक्काच्या घराचा प्रश्न : पायातास आणि त्यानंतर

लोकशाहीच्या पुनःस्थापनेनंतर जमिनीच्या प्रश्नाला कायद्याच्या चौकटीत स्थान मिळू लागले. राष्ट्रीय शासकीय केंद्रासाठी राखीव असलेल्या जमिनीपैकी १५० हेक्टर जमीन तेथील रहिवाशांसाठी वगळण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांनी इ. स. १९८७ मध्ये घेतला. रहिवाशांच्या संघाला सामूहिक कर्जाने जमीन विकत घेता यावी यासाठी इ. स. १९८८ मध्ये कम्युनिटी मॉर्गेज प्रोग्रॅम सुरू झाला. इ. स. १९९२ च्या नागरी विकास व गृहनिर्माण कायद्याने पूर्वसूचना व पुनर्वसन यांविना वस्त्या हटवण्यावर निर्बंध घातले. शासकीय केंद्राच्या जमिनीविषयी इ. स. २००३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

तथापि कायद्याच्या कक्षेबाहेरचे जीवन किती असुरक्षित होते हे १० जुलै २००० रोजी स्पष्ट झाले. शहराच्या ईशान्य भागातील पायातास येथील कचऱ्याचा डोंगर मुसळधार पावसानंतर कोसळला आणि त्याखाली पायथ्याची वस्ती गाडली गेली. दोनशेहून अधिक माणसे दगावली. कचरा वेचून उपजीविका करणारी ही कुटुंबे होती; त्यांपैकी अनेकांना शहरातील अन्य जागांवरून हटवल्यानंतर येथे आणण्यात आले होते. या दुर्घटनेनंतर जानेवारी २००१ मध्ये घनकचरा व्यवस्थापनाचा राष्ट्रीय कायदा संमत झाला. पायातासमधील कचराभूमी इ. स. २०१७ मध्ये कायमची बंद झाली.

पायातासच्या इतिहासाला एक वेगळी बाजूही आहे. इ. स. १९९० नंतरच्या दशकात तेथील कचरावेचक स्त्रियांनी बचतगट उभारले आणि त्यांतून बेघरांच्या राष्ट्रीय महासंघाची बांधणी झाली. हा महासंघ इ. स. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टीवासीयांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात सामील झाला. मुंबईतील नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन व महिला मिलन या संघटना त्या जाळ्याच्या प्रवर्तकांपैकी होत्या. वस्तीची गणना वस्तीनेच करावी, रोजची छोटी बचत स्त्रियांच्या हाती असावी आणि त्या बळावर शासनाशी वाटाघाटी कराव्यात, ही कार्यपद्धती मुंबईच्या पदपथवासी स्त्रिया व पायातासच्या कचरावेचक स्त्रिया यांच्यात समान आहे.

इ. स. १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने शहरांना करआकारणीचे व्यापक अधिकार दिले. केसोन सिटीने इ. स. २०११ मध्ये एक लाख पेसोंपेक्षा अधिक आकारणीमूल्य असलेल्या जमिनींवर अर्धा टक्का सामाजिक गृहनिर्माण कर पाच वर्षांसाठी लागू केला. त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. इ. स. २०१५ मध्ये न्यायालयाने हा कर वैध ठरवला. त्याचबरोबर आकारलेले कचरा शुल्क मात्र रद्द केले. मालमत्ता असलेल्याने मालमत्ता नसलेल्याच्या घरासाठी काही भार उचलावा, या तत्त्वाला त्यामुळे न्यायालयीन मान्यता मिळाली. एकाच दाखल्याच्या बाजूने वारंवार लागलेल्या जुन्या निकालांशी तुलना केली असता या निर्णयाचे महत्त्व लक्षात येते.

त्याच काळात जमिनीवरील बाजाराचा दाबही वाढत गेला. इ. स. १९८५ मध्ये एड्सावर सुरू झालेला एसएम सिटी नॉर्थ हा मॉल, इ. स. १९९९ मध्ये सुरू झालेली एमआरटी-३ ही रेल्वे आणि ईस्टवुड सिटीसारखी माहिती तंत्रज्ञान केंद्रे यांमुळे जमिनीच्या किमती वाढल्या. फ्रॉस्ट यांच्या आराखड्यातील चौकोनाचा नॉर्थ ट्रँगल हा भाग सार्वजनिक उद्यानासाठी होता. तेथे आधी झोपडवस्ती झाली आणि पुढे व्यापारी केंद्राची उभारणी सुरू झाली. सप्टेंबर २०१० मध्ये तेथील घरे पाडताना रहिवासी व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. एका भूखंडाच्या या तीन अवस्थांत शहराचा सत्तर वर्षांचा इतिहास सामावलेला आहे.

समारोप

केसोन सिटीच्या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, या शहराची वाढ केवळ मनिलाच्या गर्दीचा परिणाम नव्हती. राज्यसंस्थेचे निर्णय, जहागिरीची विक्री आणि खाजगी भूविकास या तिन्हींनी मिळून ती घडवली. दुसरा असा की, जमिनीच्या मालकीचा प्रश्न तसाच ठेवून आखलेली गृहयोजना, हेतू कितीही उदात्त असला, तरी ज्याला हप्ता परवडतो त्याच्याच पदरी पडते. तिसरा निष्कर्ष नियोजनाविषयीचा आहे. अपूर्ण राहिलेला आराखडा रिकामा राहत नाही. ज्यांना योजनेत जागा नव्हती ते त्या रिकाम्या जागी येऊन राहतात आणि कालांतराने तेच शहराचे बहुसंख्य श्रमिक ठरतात.

केसोन मेमोरियल सर्कल येथील ६६ मीटर उंच स्मारकात इ. स. १९७९ पासून मानुएल केसोन यांचे अवशेष जतन केलेले आहेत. त्या स्मारकाभोवतालच्या लंबवर्तुळाकार मार्गावरच भूसुधारणा खात्याचे कार्यालय आहे आणि प्रांतांतून आलेले शेतकरी जमिनीच्या मागणीसाठी अनेकदा तेथे ठाण मांडून बसतात. इ. स. १९३८ मध्ये दिलिमानच्या खरेदीखतात ज्या कुळाची नोंद झाली नाही, त्याचा प्रश्न अशा रीतीने शहराच्या मध्यभागी अद्याप उपस्थित आहे. केसोन सिटीच्या पुढील अभ्यासात आराखडे व इमारती यांच्याइतकेच भूमी नोंदी, न्यायालयीन दावे आणि वस्त्यांनी स्वतः केलेल्या गणना यांना स्थान मिळणे आवश्यक आहे.